होळकर : एका गांवाचें आडनांव

इंदूरहून सांवेरमार्गें उज्जैनला जाणाऱ्या रस्त्याला इंदूरचे लोक सांवेर रोड म्हणतात. रस्त्यालगत वाढलेल्या कारखान्यांमुळें हें नांव आज दूरच्या व्यापाऱ्यांनाहि परिचित झालें आहे. परंतु हाच रस्ता सांवेर गांवांत पोंचला, कीं त्याला सांवेर रोड म्हणण्यांत कांहीं अर्थ उरत नाहीं. तेथील माणसाच्या लेखीं तो इंदूरचा रस्ता असतो. गांवाचें नांव ओळख म्हणून उपयोगी पडतें तें गांवाबाहेर. रस्त्याच्या बाबतींत जें खरें, तेंच मराठी आडनांवांच्या एका मोठ्या वर्गाच्या बाबतींतहि खरें आहे. रस्ता कोठें जातो यावरून त्याला नांव मिळतें. माणूस कोठून आला यावरून त्याला आडनांव मिळतें. अशा आडनांवांपैकीं एक तर इंदूरच्या इतिहासाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. तें म्हणजे होळकर.

होळकर याचा अर्थ होळ गांवचा, एवढाच. होळीच्या सणाशीं त्याचा संबंध लावण्याचें कारण नाहीं. होळ हें नीरा नदीच्या कांठचें एक खेडें. या घराण्याचे मूळपुरुष मल्हारराव यांचा जन्म १६९३ सालीं झाला. वडील खंडोजी हे मल्हारराव लहान असतांनाच वारले आणि आई मुलाला घेऊन खानदेशांत तळोदें येथें आपले बंधु भोजराज बारगळ यांच्या आश्रयास गेली. होळमध्यें राहणाऱ्या कोणालाहि होळकर म्हणून वेगळें ओळखण्याची गरज नव्हती. तेथें सारेच होळचे! गांव सुटल्यावरच हें नांव सार्थ झालें. ‘कर’ हा प्रत्यय वरवर पाहतां माणूस कोठला हें सांगतो. खोलांत जाऊन पाहिलें, तर त्यानें काय मागें टाकलें हें तो सांगत असतो.

हें आडनांव विरळ कां, याचेंहि उत्तर त्याच्या उत्पत्तींतच आहे. पाटील, कुलकर्णी, जोशी, देशमुख हीं आडनांवें पदांवरून अथवा व्यवसायांवरून पडलीं. पाटील गांवोगांव होते, कुलकर्णी गांवोगांव होते. साहजिकच तीं आडनांवें हजारों घरांत पसरलीं. ‘कर’ प्रत्ययाचीं आडनांवें एकत्र मोजलीं, तर तीं अगणित भरतील. पण त्यांतील प्रत्येक आडनांव बहुधा एखाद्या लहानशा गांवापुरतें असतें, आणि त्या गांवांतून बाहेर पडून तेंच नांव लावणारीं घरें थोडींच असतात. वर्ग म्हणून विपुल आणि एकेकटें विरळ, असें हें या आडनांवांचें गणित आहे.

मल्हारराव पहिल्या बाजीरावांच्या सेवेंत आले आणि माळव्यांत त्यांचें बस्तान बसलें. १७३४ सालीं त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें जी खासगीची नेमणूक झाली, तींत सांवेरचाहि समावेश होता. अशा रीतीनें नीराकांठचें एक गांव आणि माळव्यांतलें दुसरें एका घराण्याच्या इतिहासांत एकत्र आलें. मग या घराण्यांतून ‘सांवेरकर’ कां निपजले नाहींत? याचें कारण साधें आहे. आपलें नांव घेऊनच तें माळव्यांत आलें होतें. होळकरांच्या मागोमाग जे शिलेदार, कारकून आणि शास्त्री आले, त्यांच्याहि पाठीशीं एखादें मूळ गांव किंवा वतन होतें. त्याची खूण पुसून नवी लावावी, असें त्यांना वाटण्याचें कारण नव्हतें. शिवाय ‘कर’ हा मराठी-कोंकणीचा प्रत्यय. माळव्याच्या बोलींत हेंच काम ‘वाला’ करतो.

इंदूरच्या परिसरानें अशीं आणखी दोन नांवें पाहिलीं आहेत. महू येथें १८९१ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचें आडनांव सकपाळ. मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. त्या गांवावरून आंबडवेकर आणि त्याचें पुढें आंबेडकर झालें. खुद्द इंदुरांत १९२९ सालीं लता मंगेशकर जन्मल्या. त्यांचे वडील दीनानाथ हे गोव्यांतील मंगेशीचे. त्यांनीं वडिलांकडील आडनांव न लावतां गांवाचें लावलें. त्या मंगेशी गांवालाहि स्थलांतराचा इतिहास आहे. पोर्तुगीजांच्या धर्मछळापासून वांचविण्यासाठीं श्रीमंगेशाला कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळास हलविण्यांत आलें, तें १५६० सालीं. होळकर, आंबेडकर, मंगेशकर हीं तीन नांवें तीन भिन्न समाजांतलीं. पण प्रत्यय एकच. पाटील म्हटलें कीं हुद्दा आला, जोशी म्हटलें कीं वृत्ति आली; गांवाचें नांव लावणाऱ्याला मात्र ‘कोणत्या गांवचा’ एवढ्याच प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें.

विरळ असलेलें आडनांव लोकांच्या तोंडीं विरळच असतें असें नव्हे. होळकर संस्थान १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालें, परंतु नांव राहिलें. इंदूरचें होळकर महाविद्यालय १८९१ पासूनचें. कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली ज्यांत खेळले, त्या होळकर संघानें रणजी करंडक चार वेळां जिंकला. त्यांतील शेवटचे दोन विजय, १९५०-५१ व १९५२-५३ चे, संस्थान विलीन झाल्यानंतरचे. शहराच्या क्रिकेट मैदानास २०१० पासून होळकरांचें नांव आहे, आणि विमानतळास देवी अहिल्याबाई होळकर यांचें. नीराकांठच्या त्या खेड्याचें नांव असें दररोज सहस्रावधि मुखांनीं उच्चारलें जातें. उच्चारणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना तें एका गांवाचें नांव आहे, याची जाणीव असेल.

येथें जिज्ञासूंना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. एकाच नांवाचीं गांवें अनेक असतात. होळ नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. तेव्हां प्रत्येक होळकर राजघराण्यांतलाच, असें मानतां येत नाहीं. इंदूरकर या आडनांवाचें उदाहरण याहून बोलकें आहे. तें ऐकतांच माळव्याचें इंदूर डोळ्यांपुढें येतें. परंतु तेलंगणांतील निजामाबादचें जुनें नांवहि इंदूरच, आणि तळेगांव दाभाड्यानजीक इंद्रायणीकांठीं इंदुरी हें गांव आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावरून निवाडा करूं जातां फसगत व्हायची. कुलदैवत कोणतें, वतनाचे कागद कोठले, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांचें गांव काय लिहिलें आहे, हें ताडून पाहिल्यानंतरच आडनांवाचें गांव निश्चित करावें.

परंतु ताडून पाहण्यासाठीं मूळ अक्षरें तरी शाबूत असावयास हवींत, आणि नेमका येथेंच धोका आहे. हिंदींत हें आडनांव ‘होलकर’ असें लिहिलें जातें. इंग्रजीलाहि ल आणि ळ यांतील भेद दाखवितां येत नाहीं. वस्तुतः माळवी बोलींत ळ चा उच्चार आहे. माळव्याच्या खेडुताला ‘होळकर’ म्हणणें मुळींच अवघड नाहीं. प्रश्न जिभेचा नसून लेखणीचा आहे. होळ हें गांव आहे. होल हें नाहीं. एका अक्षराच्या फरकानें नांवाची गांवाकडे जाणारी वाट बंद होते.

माळव्यांतील मराठी घरांत पिढीगणिक हिंदीचा वावर वाढत आहे. तो स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचें कारण नाहीं. पण घरांतली भाषा बदलली, तरी दारावरच्या पाटीवरचा एक मराठी शब्द मागें राहतो, तो आडनांवाचा. मुलांना तो नीट लिहावयास शिकविणें आणि त्याचें गांव कोठें आहे हें एकदां सांगणें, याला फारसे कष्ट पडत नाहींत. सांवेर रोडवर उभ्या असलेल्या माणसाला सांवेर कोणत्या दिशेला आहे हें ठाऊक असतें. आपल्या आडनांवाची दिशाहि त्याला तितकीच ठाऊक असावी.