जुन्या घरातलं सामान (भाग ७) : खुर्ची उलटी करून पाहा

मागच्या आठवड्यात सागवानी पलंग झाले. आज खुर्ची, तीही एकाच जातीची : गोल बैठक, वेताची जाळी, पाठीला लाकडाची दुहेरी कमान. मुंबई-हैदराबादच्या इराणी हॉटेलांत ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. कर्नाटकातल्या कमलनगरकडच्या एखाद्या वाड्यात ती माळ्यावर पडून असेल, तर तिचा कारखाना शोधून काढणं पुष्कळदा शक्य असतं.

खुर्ची उलटी करा आणि बैठकीच्या कड्याची आतली बाजू टॉर्चच्या उजेडात न्याहाळा. लाकडात ठसा उमटवलेला असतो, कधी कागदी लेबल चिकटवलेलं असतं. थोनेट, जे. अँड जे. कोन आणि मुंडुस ही त्यातली नेहमीची नावं.

मिखाएल थोनेट हा जर्मनीतल्या बोपार्डचा कारागीर, पुढे व्हिएन्नात स्थिरावला. १८५९ साली त्याच्या कंपनीने १४ नंबरची खुर्ची काढली : सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून भरली की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि कोनसारखे कारखानदारही तशीच खुर्ची करू लागले. त्यामुळे नुसता आकार पाहून ‘थोनेट आहे’ असं विक्रेता म्हणाला, तर त्यावर भाव ठरवू नका.

लेबलवर देशाचं नाव असेल तर काळही कळतो. कमलनगर आधी निजामाच्या राज्यात, १९५६ नंतर म्हैसूर राज्यात आणि १९७३ पासून कर्नाटकात. जुन्या कागदावरचं राज्याचं नाव वाचून आपण त्याचा काळ ओळखतोच. इथेही तसंच. या कंपन्यांचे मोराव्हियातले कारखाने १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, नंतर चेकोस्लोव्हाकियात. रादोम्स्कोचे आधी रशियाच्या साम्राज्यात, नंतर पोलंडमध्ये. ‘थोनेट-मुंडुस’ असं जोडनाव दिसलं, तर खुर्ची १९२२ नंतरची.

लेबल गेलं असेल तर लाकडाकडे वळा. हे लाकूड बीचचं, फिकट, बारीक गडद ठिपक्यांचं. ते वाफेवर मऊ करून, बाहेरच्या बाजूने पोलादी पट्टी लावून वाकवत. पट्टीमुळे ताणाखाली तंतू फाटत नसत. म्हणून कमानीवरच्या रेषा वळणाबरोबर अखंड फिरतात. करवतीने कापून काढलेल्या कमानीत त्या मध्येच तुटून कडेला बाहेर पडतात. माझ्या मते ही खूण ठशापेक्षाही भरवशाची, कारण ठसा असलेलं कडं दुसऱ्याच खुर्चीचे पाय लावून वापरलेलं असू शकतं. चारही पायांचा रंग, जाडी आणि स्क्रूची डोकी जुळवून पाहावीत.

पॉलिशला देण्याआधी कड्याच्या आतल्या बाजूचे फोटो काढून ठेवा आणि तिथे काचकागद लावायचा नाही, हे सुताराला बजावून सांगा. जाळी पुन्हा विणता येते. घासून गेलेला ठसा परत येत नाही.

(पुढील भागात : बिदरी हुक्क्याचं बूड)