दोष कंडोमचा नाही

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१६ मध्ये एक हिशेब मांडला. लागणीचा तेव्हाचा वेग तसाच राहिला, तर दर दोन कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी एचआयव्हीचं निदान होईल. गोऱ्या समलिंगी पुरुषांमध्ये हेच प्रमाण अकरांत एक. यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘ही पोरं कंडोम वापरत नाहीत, दुसरं काय!’

हा आरोप मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो खोटा असल्याचं केव्हाच दिसून आलं आहे. संशोधक ग्रेगोरिओ मिलेट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तोवरचं संशोधन तपासलं, २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी पुन्हा तपासलं. कंडोमशिवाय संभोगाचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. मग लागण जास्त का? जोडीदार बहुधा आपल्याच समाजातले, म्हणजे वर्तुळ लहान. त्या वर्तुळात निदानच न झालेले, उपचार न मिळालेले लोक अधिक. त्यामुळे काळजी तेवढीच घेतली तरी एखाद्या चुकीची किंमत कितीतरी जास्त पडते. आणि उपचार का मिळत नाहीत? खिशात विमा नसतो. मिसिसिपी, अलाबामासारख्या दक्षिणेतल्या राज्यांनी गरिबांच्या मेडिकेड योजनेचा विस्तारही स्वीकारलेला नाही.

गुदमैथुनात कंडोम टिकत नाही, हेही असंच ऐकीव. अटलांटात ५०४ पुरुषांवर झालेल्या चाचणीत गुदमैथुनावेळी तो फाटण्या-निसटण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी निघालं, आणि २०२२ मध्ये चाचणीतल्या त्या कंडोमला अमेरिकेत खास या वापरासाठी मान्यता मिळाली. वंगण मात्र पाण्याचं किंवा सिलिकॉनचं हवं. तेलाने, व्हॅसलीनने लॅटेक्स कमकुवत होतं.

कंडोमच्या जोडीला प्रेप आहे, म्हणजे एचआयव्ही नसलेल्याने तो होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध. त्याची गोळी सांगितल्याप्रमाणे घेतली, तर संभोगातून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ९९ टक्क्यांनी घटते. सिफिलिस आणि गनोरियापासून ती वाचवत नाही. तिथे कंडोमच हवा.

राहिली एचआयव्ही असलेल्या जोडीदाराची भीती. युरोपातल्या ७८२ समलिंगी जोडप्यांच्या अभ्यासात प्रत्येक जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही होता, पण औषधांमुळे रक्तातला विषाणू चाचणीत मोजता न येण्याइतका कमी झालेला. कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले. जोडीदाराकडून झालेली लागण: शून्य. म्हणजे एचआयव्हीच्या बाबतीत, कधीच तपासणी न केलेल्या धडधाकट दिसणाऱ्या तरुणापेक्षा एचआयव्हीची औषधं नियमित घेणारा असा जोडीदार जास्त सुरक्षित.