‘रीड डाउन’ म्हणजे ‘रद्द’ नव्हे. न्यायालयीन इंग्रजीतील एका क्रियापदाचा अर्थ

नवी दिल्ली : न्यायालयाच्या निकालाची बातमी इंग्रजीतून मराठीत आणताना ‘रीड डाउन’ हे शब्द समोर आले, की लिहिणाऱ्याचा हात सवयीने ‘रद्द’ या शब्दाकडे वळतो. शब्दकोशाचा उपयोग होत नाही, कारण ‘खाली वाचणे’ याला मराठीत काही अर्थ नाही. दोन पदांच्या इंग्रजी क्रियापदांची हीच अडचण असते. त्यांचा अर्थ पदांची बेरीज करून हाती लागत नाही.

रद्द करण्यासाठी न्यायालयीन इंग्रजीत वेगळे क्रियापद आहे, ‘स्ट्राइक डाउन’. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवले, ते या प्रकारात मोडते. ‘रीड डाउन’ केलेली तरतूद मात्र जिवंत राहते. तिचा अर्थ राज्यघटनेच्या चौकटीत बसेल इतका आकुंचित केला जातो. ‘व्याप्ती मर्यादित केली’ हा त्याचा त्यातल्या त्यात जवळचा मराठी पर्याय. मथळ्यासाठी तो लांब पडतो, हे खरे.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ बाबत ६ सप्टेंबर २०१८ रोजी नेमके हेच घडले. प्रौढ व्यक्तींनी परस्परसंमतीने खासगीत ठेवलेले संबंध या कलमाच्या कक्षेतून वगळण्यात आले. संमतीविना केलेले कृत्य, अल्पवयीनांशी व प्राण्यांशी केलेले कृत्य हा गुन्हाच राहिला. ‘३७७ रद्द’ एवढेच वाचणाऱ्याची समजूत मात्र वेगळी होणार. संहितेतील बलात्काराची व्याख्या स्त्री पीडितेपुरती होती. त्यामुळे बळजबरी झालेल्या प्रौढ पुरुषाला हेच कलम आधाराचे होते, आणि ते निकालानंतरही उपलब्ध होते.

अर्थ आकुंचित केल्याने संरक्षण वाढते, असेही होते. पत्नी १५ वर्षांहून लहान नसेल तर पतीने ठेवलेला संबंध बलात्कार नव्हे, असा अपवाद कलम ३७५ मध्ये होता. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने ही वयोमर्यादा १८ वर्षे अशी वाचावी, असे ठरले. अपवादाची व्याप्ती घटली आणि १५ ते १८ वयोगटातील विवाहित मुलींना कायद्याचे छत्र मिळाले.

या पद्धतीला मर्यादाही आहे. तरतुदीची भाषा संदिग्ध असेल तरच अर्थाला वळण देता येते. कोणतेही कारण न देता एक महिन्याच्या नोटिशीवर कायम कर्मचाऱ्याला काढण्याची मुभा देणारा दिल्ली परिवहन महामंडळाचा नियम १९९० मध्ये न्यायालयासमोर होता. त्याचे शब्द पुरेसे स्पष्ट असल्याने बहुमताने तो ‘रीड डाउन’ करण्यास नकार दिला आणि नियमच रद्द ठरवला.

कलम ३७७ खऱ्या अर्थाने संपले ते १ जुलै २०२४ रोजी, भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा. नव्या संहितेत त्याच्या तोडीची तरतूद नाही. बळजबरी झालेल्या प्रौढ पुरुषाला २०१८ नंतरही उरलेला तो आधार न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर संसदेच्या कायद्याने गेला.