ओळख औषधांची – 9 : तीन गोळ्यांचा कोर्स

"घसा धरलाय, ॲझीची एक स्ट्रिप द्या." मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य कानावर पडलं नाही असा दिवस विरळाच. चिठ्ठी नसते, नाव मात्र तोंडपाठ. अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा, तेही आठवडाभर घेताना माणूस कंटाळतो. इथे रोज एक गोळी, तीन दिवस, की संपलं. भारतातल्या 2019 च्या खासगी औषधविक्रीचा अभ्यास झाला तेव्हा सर्वांत जास्त खपणारं प्रतिजैविक म्हणून ॲझिथ्रोमायसिनच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीचाच पहिला नंबर आला, यात नवल नाही.

ही सोय आली कुठून? ॲझिथ्रोमायसिनचं मूळ औषध एरिथ्रोमायसिन. फिलिपिन्समधल्या इलोइलोची माती आबेलार्दो आगिलार या डॉक्टरांनी 1949 मध्ये अमेरिकेतल्या एली लिली कंपनीला पाठवली. त्यातल्या जिवाणूने बनवलेलं हे द्रव्य 1952 मध्ये औषध म्हणून बाजारात आलं. इतर जिवाणूंच्या पेशीत प्रथिनं जुळवणारा रायबोसोम ते अडवून धरतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांना मोठाच आधार झाला, पण जठरातल्या आम्लात त्याचा टिकाव लागेना, पोट बिघडे आणि डोसही दिवसातून अनेकदा घ्यावे लागत. 1980 मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत स्लोबोदान जोकिच, गाब्रियेला कोब्रेहेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिथ्रोमायसिनच्या 14 अणूंच्या कड्यात नायट्रोजनचा एक अणू बसवला. कडं 15 अणूंचं झालं. एवढ्याशा फरकाने औषध आम्लाला पुरून उरलं आणि पेशींमध्ये मुक्काम ठोकू लागलं. रक्तातून ते लवकर उतरतं, पण शरीरातून निम्मं जायला जवळजवळ 68 तास लागतात. तीन गोळ्या संपल्या तरी औषध काम करत राहतं ते यामुळे.

कारखान्यात आजही सुरुवात जिवाणूपासूनच होते. मोठ्या टाक्यांत साखर, सोयाबीनचं पीठ आणि हवा देऊन त्याला काही दिवस वाढवतात, मग गाळून एरिथ्रोमायसिन वेगळं काढतात. ते बहुधा थायोसायनेट क्षाराच्या रूपात विकलं जातं. पुढचं काम रसायनशास्त्राचं: आधी ऑक्झाइम, मग बेकमन पुनर्रचनेने कड्यात नायट्रोजन, त्यानंतर क्षपण, शेवटी फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्लाने मिथाइल गट. भारतात हा दुसरा टप्पा करणारे कारखाने आहेत, पण पहिल्या टप्प्यातल्या थायोसायनेटसाठी आपली भिस्त चीनवर राहिली. म्हणूनच 2020 मध्ये केंद्राने आणलेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत त्याचं नाव आहे. हातातली स्ट्रिप उलटून पाहा, बारीक अक्षरात 'डायहायड्रेट' लिहिलेलं असतं. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू धरलेले असतात. त्यामुळे 500 मिलिग्रॅम औषधासाठी गोळीत सुमारे 524 मिलिग्रॅम भुकटी घालावी लागते.

औषध गुणी आहे, याबद्दल दुमत नाही. टायफॉइड, डांग्या खोकला, न्यूमोनियाचे काही प्रकार, स्क्रब टायफस यांत ते उपयोगी पडतं. खुपऱ्यांवर तर एकच डोस पुरतो. जगभर त्याच्या सामूहिक वाटपाने अनेकांची दृष्टी वाचली. पाकिस्तानात 2016 पासून पसरलेल्या, बहुतेक औषधांना न जुमानणाऱ्या टायफॉइडवर तोंडाने घेण्याजोगं हेच एक भरवशाचं औषध उरलं आहे. ते घसादुखीत उधळायचं? बहुतेक घसे विषाणूंनी धरतात आणि विषाणूला रायबोसोमच नसतो. कोविडच्या काळात घराघरांत ही गोळी खाल्ली गेली. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांना तिचा काही लाभ दिसला नाही.

शिवाय तो लांबलेला मुक्काम उलटतोही. औषध उतरत जाताना बरेच दिवस अपुऱ्या प्रमाणात अंगात राहतं. जिवाणूंना मारायला ते कमी पडतं, मात्र प्रतिकार करणाऱ्यांना निवडून वाढवायला पुरेसं होतं. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना हे औषध दिल्यावर त्यांच्या घशातले प्रतिकारक जिवाणू वाढले आणि कित्येक महिने तसेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला जपून वापरायच्या गटात टाकलं आहे ते उगाच नाही.

जुलाब, मळमळ नेहमीचीच. हृदयाचं मात्र लक्षात ठेवा: काहींच्या ठोक्यांची लय हे औषध बिघडवू शकतं, 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला. ठोक्यांची औषधं चालू असतील, रक्तात पोटॅशियम कमी असेल किंवा पूर्वी या औषधाने कावीळ झाली असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याआधी आपणच सांगावं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीवरचं औषध आणि ही गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. आणि स्ट्रिपवर लाल रेघ असेल, तर चिठ्ठीशिवाय मागू नका. दुकानदार देत असला तरी घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात डॉक्सिसायक्लिन.