दोन तारखांचं बाळ

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तारखेचं महत्त्व सांगावं लागत नाही. नोंद एका दिवशी होते आणि व्याज दुसऱ्याच दिवसापासून धरलं जातं, हे आम्ही नेहमी पाहायचो. पण माणसाच्या वयालाही अशा दोन तारखा असू शकतात, हे मला माझ्या नातीमुळे कळलं.

ती ३०व्या आठवड्यात जन्मली. वजन १२०० ग्रॅम, फुफ्फुसं कच्ची, मेंदूत थोडा रक्तस्राव. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' असा आपल्याकडे जुना समज. तो खरा नव्हे. पोटातला प्रत्येक वाढीव आठवडा बाळाला बळच देतो. काचेच्या पेटीतून बाहेर आल्यावर सून आणि मुलगा आळीपाळीनं तिला उघड्या छातीशी धरून तासन्‌तास बसत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही 'कांगारू' पद्धत सुरू केली. आज ती जगभर वापरतात.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. "आठ महिने झाले, अजून बसत नाही?" येणारा प्रत्येक पाहुणा विचारी आणि सून गप्प होई. डॉक्टरांनी समजावलं, की पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे. म्हणजे दहा आठवडे वजा करा. ही अजून साडेपाच महिन्यांचीच आहे. बसणं, रांगणं, बोलणं साधारण दोन वर्षांपर्यंत याच हिशेबानं पाहायचं.

पण ही वजाबाकी सगळीकडे चालत नाही. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत व्हायलाच हवी. अशा बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. शिवाय आठवडे वजा करूनही बाळ मागे वाटलं, तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नये. व्यायामोपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे.

नात आता चार वर्षांची आहे. बोलते भरपूर, पण डावा पाय ताठ आहे. आधाराशिवाय चालत नाही. पुढे चालेल का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. सूनही आता विचारत नाही. रोज सकाळी ती सतरंजी अंथरते आणि मायलेकींचा व्यायाम सुरू होतो.

अशा घरी आपण जाल तेव्हा एवढंच करा. बाळ अजून काय करत नाही, हे विचारू नका. आईला म्हणा, "तू जरा पड, मी बघते हिच्याकडे."