प्राथमिक शाळेंत रचनेचें शिक्षण

ज्वारीच्या ताटांची बैलगाडी करणें हा मराठवाड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांचा जुना खेळ होय. ढोकीकडच्या रानांत ताटांस तोटा नाहीं. मूल तीं सोलतें, आंतील भेंडांत सालीचे तुकडे खोंचतें, चाक डुगडुगलें तर आंस बदलतें आणि गाडी मोडली तर दुसरी अधिक बळकट करतें. गरज ओळखणें, मनांत आकृति बांधणें, हातानें घडविणें, पारखणें व सुधारणें या पांचही पायऱ्या तें कोणाच्या सांगण्यावांचून चढतें. हीच रचनाविद्या. परंतु शाळेंत शिरतांना ही विद्या बहुधा दाराबाहेरच राहते. ती आंत घ्यावी, आणि तसा आग्रह आपण शेतकरी पालकांनींच धरावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा विचार आमच्याकडे अगदींच नवा नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरांत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें हस्तोद्योगाभोंवतीं इतर विषय गुंफण्याची योजना मांडली. योजना थोर होती. तथापि हस्तोद्योग आणि रचना यांतील एक भेद ध्यानीं घेतला पाहिजे. टकळीवर सूत कांततांना टकळीचा आकार आधींच ठरलेला असतो. रचनेच्या तासास शिक्षक नमुना देत नाहीं, अडचण देतो. नमुना मुलानें शोधावयाचा असतो. इंग्लंड व वेल्समध्यें १९९० पासून पांच वर्षांच्या वयापासूनच हा विषय अभ्यासक्रमांत आला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें शहरी व ग्रामीण भागांतील साहावीच्या मुलांकडून पिशवी, वजन उचलणारी लहानशी पवनचक्की आणि खेळावयाच्या बाहुल्या करवून घेतल्या. त्यांत आधीं गटानें विचार, मग चित्र व माप, आणि नंतर वस्तु असा क्रम ठेविला होता.

ढोकीच्या शाळेस अशा पाठांसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. तिफणीचेंच उदाहरण घ्या. चाड्यांत टाकलेलें बीं तिन्ही नळ्यांतून सारखें कां पडतें? चाड्याचीं भोंकें लहानमोठीं केलीं तर काय होईल? मातीचें चाडें व पोकळ नळ्या घेऊन चौथींतील मुलें हा प्रयोग करतील, पडलेले दाणे मोजतील, आणि गणिताचा तासही त्यांतच साधेल. दुसरा पाठ रेल्वेचा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची गाडी १९११ सालीं लातुरास पोहोंचली. तिचे रचनाकार एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांनीं प्रत्येक आंसावरील भार पांच टनांपलीकडे जाऊं दिला नाहीं. ओझें अनेक आंसांवर वांटल्यामुळें हलक्या रुळांवरूनही भरलेले डबे चालले. आतां तो मार्ग रुंद झाला आहे. पण ताटांच्या गाडीस एकाऐवजीं दोन आंस लावून ती किती खडे पेलते हें पाहणाऱ्या मुलास तें तत्त्व जन्मभर विसरणार नाहीं.

तिसरा पाठ मात्र खेळाचा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व धाराशीव जिल्ह्यांतील सात हजारांहून अधिक माणसें गेलीं. कित्येक घरांच्या भिंती जाड होत्या. पण त्यांच्या आंतील व बाहेरील दगडी बाजू एकमेकींस बांधलेल्या नव्हत्या, मधें चिखल व बारीक दगड भरलेले होते. हादरा बसतांच त्या फुगून फांकल्या, आणि माळवदाची जड माती निजलेल्या माणसांवर आली. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षें थर चढवून ती माती घरच्यांनींच वाढविली होती. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरानें बसविणें आणि माथ्यावरील भार कमी करणें, हे उपाय समजण्यास कठीण नाहींत. फळीवर खडे व चिखल यांच्या दोन लहान भिंती रचाव्या, एकींत आरपार खडे घालावे, दुसरींत घालूं नयेत, आणि फळी हालवावी. हें डोळ्यांनीं पाहिलेलें मूल पुढें स्वतःचें घर बांधतांना गवंड्यास प्रश्न विचारील.

कोणी म्हणेल, मूल शाळेंत घातलें तें वाचावयास, चिखल कालवावयास नव्हे. पण माप घेतल्यावांचून, आकृति काढल्यावांचून व आपला विचार चार ओळींत मांडल्यावांचून हें काम होतच नाहीं. खर्चाचें म्हणाल तर ताटें, माती, दोरा व खडे यांस पैसा लागत नाहीं. शिक्षकास सर्व कसब यावें असेंही नाहीं. गांवचा सुतार, गवंडी वा कुंभार महिन्यांतून एक तास आला तरी पुरे. मुलींस हें काम मुलांच्या बरोबरीनेंच द्यावें.

१९२० च्या नव्हे, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें साहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याची सोय सुचविली आहे. परंतु साहावीपर्यंत थांबण्याचें कारण काय? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यान्वयें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. पुढील सभेंत आठवड्यास एक तास या कामासाठीं मागावा. बीं पेरण्यापूर्वीं आपण त्याची उगवण पाहतों. मुलाच्या हातांतील बुद्धि उगवते कीं नाहीं, हेंही वेळींच पाहिलें पाहिजे.