रोमची प्रांतिक नाणी (लेखांक पाचवा) : अलेक्झांड्रियाचे राज्यवर्ष

मागील लेखांकात आपण आशिया मायनरच्या नगरांची तांब्याची नाणी पाहिली, आणि त्यांवरील नगरवासीयांचे नाव लागले की नाण्याचा निम्मा उलगडा झाला असे समजावे, हे तेथे नमूद केले होते. ईजिप्तच्या नाण्यांवर हा आधार मिळत नाही. इ. स. पू. ३० मध्ये ऑगस्टसने हा मुलूख जिंकल्यावर त्याचा कारभार सेनेटच्या हाती न देता आपल्या विश्वासातील अंमलदाराकडे सोपविला, आणि तेथील चलनही उर्वरित साम्राज्याच्या चलनापासून अलग ठेवले. अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत पाडलेले नाणे ईजिप्तच्या हद्दीतच चालावे, असा हा बंदिस्त मामला होता. म्हणूनच तांबड्या समुद्रातील ईजिप्तच्या बंदरांतून भडोचकडे गलबते येत असली, तरी त्या बंदरी खपणारे नाणे म्हणून ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात उल्लेख येतो तो रोमच्या सोन्याचांदीच्या नाण्यांचा.

या टांकसाळीचे मुख्य नाणे म्हणजे टेट्राड्राख्म, अर्थात चार द्राख्मांचे नाणे. टायबेरिअसने आपल्या राज्याच्या सातव्या वर्षी ते पुन्हा सुरू केले तेव्हापासूनच त्यात चांदीबरोबर तांबे मिसळलेले होते. पुढे चांदी घटत घटत डायोक्लीशनच्या काळी ती नावापुरतीच उरली.

नवशिका संग्राहक नाणे हाती येताच मुखवट्याकडे पाहतो आणि हा कोण बादशहा, या विवंचनेत पडतो. अलेक्झांड्रियाच्या बाबतीत हा क्रम मला सर्वथा उलटा वाटतो. आधी नाणे उलटे करावे आणि मागील बाजूस, देवतेच्या किंवा गरुडाच्या शेजारी, काटकोनासारखे एक लहानसे चिन्ह शोधावे. ‘वर्ष’ दर्शविणारे हे चिन्ह असून त्याच्या पुढे जे एक वा दोन ग्रीक वर्ण असतात ते आकडे होत : अल्फा म्हणजे १, बीटा २, गॅमा ३, आयोटा १०, कॅपा २०, लॅम्डा ३०. नवव्या वर्षी थीटा हा वर्ण टाळून तो आकडा पुष्कळदा अक्षरी लिहिलेला आढळतो. मृत्युवाचक ग्रीक शब्दाचा तो आद्य वर्ण असल्याने अशुभ मानला जाई, असे अभ्यासकांचे मत आहे. मोगली रुपयांवरील, आणि शहा आलमच्या नावाने मराठी टांकसाळींत पडलेल्या रुपयांवरील, जुलूस सन, म्हणजे राज्यवर्ष, ज्यांनी वाचला आहे त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ईजिप्तमध्ये वर्षारंभ २९ ऑगस्टला होई (लीप वर्षाच्या आधीच्या सालात ३० ऑगस्टला), आणि नवा बादशहा गादीवर आला की त्या दिवसापासून येत्या वर्षारंभापर्यंतचा काळ, मग तो कितीही अल्प असो, त्याचे पहिले वर्ष म्हणून दप्तरी धरला जाई. गाल्बाने इ. स. ६८ च्या जूनमध्ये सत्ता घेतली आणि ६९ च्या जानेवारीत तो मारला गेला. म्हणजे उणापुरा सात महिन्यांचा हा अंमल, तरी अलेक्झांड्रियात त्याची पहिल्या वर्षाची नाणी आहेत आणि दुसऱ्याचीही.

आता एक नाणे जवळून पाहू. नीरोचे बाराव्या वर्षाचे, म्हणजे इ. स. ६५-६६ चे, टेट्राड्राख्म आजही विपुल मिळते. दर्शनी बाजूस किरणांचा मुकुट घातलेले नीरोचे जाड मानेचे मस्तक असून भोवती त्याचे नाव व ‘कैसर’, ‘सेबास्तोस’ इत्यादी बिरुदे तोडून तोडून लिहिली आहेत. ‘ऑटोक्रेटर’ हे बिरुद तेथे मावले नाही, ते मागील बाजूस गेले आहे. मागे अलेक्झांड्रिया नगरीची स्त्रीरूप मूर्ती असून तिच्या मस्तकावर हत्तीच्या कातड्याचे शिरस्त्राण आहे. झिजलेल्या नाण्यावर त्या हत्तीची सोंड तेवढी कपाळावर उठून दिसते. शेजारी वर्षचिन्ह, आयोटा आणि बीटा. एवढे दिसले तर मुखवट्याची ओळख नाकाडोळ्यांवरून पटविण्याचे प्रयोजन उरत नाही.

याच न्यायाने नाव पार पुसलेल्या टेट्राड्राख्मवर लॅम्डा वाचता आला, तर ते कॉमोडसचेच समजावे. बापाच्या मृत्यूनंतर त्याने नवी मोजणी न मांडता मार्कस ऑरेलिअसचीच पुढे चालविली, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या कारकीर्दीतील आकडे विशी-तिशीचे आहेत.

सर्वांत चमत्कारिक कागद, म्हणजे अर्थात धातूवरचा, ऑरेलिअनच्या काळचा आहे. पाल्मिराची राणी झेनोबिया हिने ईजिप्त काबीज केल्यावर एका बाजूस ऑरेलिअन आणि दुसऱ्या बाजूस तिचा मुलगा वाबालाथस असे दुमुखी नाणे निघाले. त्यावर दोघांची वर्षे निरनिराळी : बादशहाचे पहिले तर मुलाचे चौथे, बादशहाचे दुसरे तर मुलाचे पाचवे. सार्वभौमाचे नाव ठेवून त्याच्याहून ज्येष्ठ आकडा आपल्या मुलापुढे घालण्याची ही मसलत फार काळ टिकली नाही, इ. स. २७२ मध्ये ऑरेलिअनने पाल्मिराचा बीमोड केला.

पुढील लेखांकात अँटिऑकची नाणी घेऊ. तेथील काहींवर राज्यवर्षाबरोबर सीझरच्या नावाचा स्वतंत्र शकही येतो, तेव्हा वाचकांनी तोपर्यंत ग्रीक वर्णांचे शंभरापर्यंतचे आकडे तोंडपाठ करून ठेवावेत.